मदत हवी आहे: घाबरट गिनीपिगला माणसांची सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी, पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. कायमचं घर मिळेपर्यंत दोन गिनीपिग माद्या माझ्याकडे सांभाळायला आहेत. तपकिरी धीट आहे, कोथिंबिरीची जुडी सोडली की शिट्ट्या घालते. पांढरी मात्र हात दिसताच खोक्यात पळते, नाहीतर जागीच थिजून बसते.

वरून येणारा हात तिला घारीसारखा वाटत असणार, म्हणून मी जमिनीवर बसून बाजूने ढोबळी मिरची पुढे करते. (क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे ढोबळी मिरचीसारखं काहीतरी रोज लागतंच.) मी लांब सरकले की येऊन खाते, हातातून नाही. गवत भरपूर खाते, वजनही टिकून आहे, म्हणजे आजारी वाटत नाही.

अडचण उचलण्याची आहे. नखं कापायला आणि वजन करायला उचलावंच लागतं, आणि तेवढ्यात जमलेला विश्वास पुन्हा जातो. ती स्वतःहून डब्यात किंवा बोगद्यात शिरेल आणि तसंच उचलता येईल, असं कुणी शिकवलंय का? कसं?

दुसरं, दिवाळी जवळ आली आहे. फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा कुठे ठेवता? आतल्या खोलीत चादर टाकून हवा कोंडेल अशी भीती वाटते.

बघायला येणारे लोक धीट असलेलीच मागतात. जोडी मी तोडणार नाही, एकटं राहणं या प्राण्यांना मानवत नाही. पण अशा कुटुंबांना पांढरीची ओळख कशी करून देता, तेही सांगा.