‘फूट’ कशाला म्हणावे? फूट, दुफळी, वाटणी आणि एकीकरण

विचारणा (खानापूर)

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) स्मरणिकेसाठी आलेला एक लेख मी तपासत आहे. त्यातील दोन वाक्यांशी अडलो आहे. पहिले वाक्य असे : “१९५६ साली बेळगाव महाराष्ट्रापासून फुटले.” दुसरे असे : “धर्म आणि भाषा यांमुळे राष्ट्रात फूट पडते, म्हणून विश्वासी माणसाने राजकारणापासून दूर राहावे.” या दोन्ही ठिकाणी ‘फूट’ योग्य आहे का, आणि दुसऱ्या वाक्यात ‘दुफळी’, ‘दुही’ किंवा ‘फाळणी’ यांपैकी काही चालेल का, हे जाणत्यांनी सांगावे. पवित्र शास्त्राचे (बायबलचे) मराठी वर्षानुवर्षे वाचत आलेल्या ज्येष्ठांचे मत विशेषकरून हवे आहे.

उत्तर (बेळगाव, कॅम्प)

सलाम. दोन्ही वाक्यांतील ‘फूट’ मी बदलेन, पण दोहोंची कारणे वेगळी आहेत.

पहिल्या वाक्यात शब्दाच्या आधी इतिहास चुकला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र राज्य झाले ते १ मे १९६० रोजी. जे राज्य अस्तित्वातच नव्हते त्याच्यापासून कोणी फुटणार कसे? शिवाय माणसांविषयी बोलताना ‘फुटणे’ या क्रियापदात फुटणाऱ्याची स्वतःची हालचाल गृहीत असते. आमदार फुटतो, गट फुटतो, मते फुटतात. (साक्षीदार मात्र फितूर होतो, तो शब्द अरबीतून आलेला आहे, फुटण्याशी त्याचे नाते फक्त कानाला जाणवते.) बेळगाव स्वतःहून कोठेही गेले नाही, राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने त्याला नेले. त्याच कायद्याने चंदगड तालुका या जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात ठेवला, आणि तेथे मात्र चंदगड बेळगावापासून ‘फुटले’ असे आपण कधीच म्हणत नाही, ‘वगळले’ म्हणतो. एकाच कायद्याच्या दोन परिणामांना दोन क्रियापदे लावली जातात, यावरून ‘फुटणे’ हा शब्द घटना सांगता सांगता दोषही कसा चिकटवतो हे लक्षात यावे.

वास्तविक ‘फुटणे’ हे मुळात वाईट क्रियापद नव्हे. संस्कृत ‘स्फुट्’ या धातूत उमलणेही आहे. पालवी फुटते, तांबडे फुटते, आईला पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते, दगडाला पाझर फुटतो. तेच क्रियापद ‘फूट’ असे नाम होऊन ‘पडणे’ किंवा ‘पाडणे’ यांच्याशी जोडले गेले की त्यातील उमलणे नाहीसे होते आणि भंगणे तेवढे उरते. ‘फूट पडली’ आणि ‘फूट पाडली’ यांत आणखी एक फरक आहे, आणि राजकीय लिखाणात तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘पडली’ म्हटले की कर्ता नाहीसा होतो, जणू पाऊस पडावा तशी फूट वरून पडली. ‘पाडली’ म्हटले की कोणी, हा प्रश्न लगेच पुढे येतो. आपल्या लेखकाच्या दुसऱ्या वाक्यात धर्म आणि भाषा यांना कारण करून ‘पडते’ लिहिल्यामुळे ज्यांनी ती पाडली ते सगळे वाक्याबाहेर सुखरूप राहिले आहेत.

आता पवित्र शास्त्राकडे येतो, कारण आपल्या लोकांच्या तोंडी हा शब्द तेथूनच अधिक आला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१:१०) प्रेषित पौल तेथील मंडळीला विनवतो की तुमच्यामध्ये फुटी पडू नयेत. मूळ ग्रीक शब्द ‘स्खिस्मा’, म्हणजे चीर किंवा फाट. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर चीर अधिकच वाढते, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, तेथे हाच शब्द आहे. म्हणजे आधी अखंड असलेले फाटणे, ही या फुटीची खरी खूण आहे. वेगवेगळ्या रंगांचे धागे एका वस्त्रात असणे म्हणजे फाट नव्हे. करिंथची मंडळी भाषेवरून किंवा जातिकुळीवरून फाटली नव्हती. “मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा” असे म्हणत ती पुढाऱ्यांच्या नावांवरून फाटली होती. याच ग्रीक शब्दाचे क्रियापद वधस्तंभाच्या प्रसंगी मंदिराचा पडदा फाटला तेथेही येते, आणि ते फाटणे शुभ मानलेले आहे. आपल्या ‘फुटणे’सारखीच ही दुहेरी चाल आहे.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाची कर्मे सांगताना मराठी भाषांतरात “तट, फुटी, पक्षभेद” हे तीन शब्द ओळीने येतात. लहानपणापासून हे तिन्ही एका दमात म्हणत आल्यामुळे ते समानार्थी आहेत असा आपला समज होतो, पण ते तसे नाहीत. ‘तट’ ज्या ग्रीक शब्दासाठी आहे तो मोलाने राबणाऱ्याच्या नावावरून निघालेला आहे, आणि अॅरिस्टॉटलने तो पद मिळवण्यासाठी केलेल्या खटपटीला वापरला आहे. स्वार्थासाठी माणसे गोळा करणे म्हणजे तट. ‘फुटी’ या जागी मूळ शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी उभे राहणे असा आहे, म्हणून येथे मी ‘दुफळी’ अधिक पसंत केला असता. ‘पक्षभेद’ या जागचा शब्द मात्र ‘निवडणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत परूशी आणि सदूकी यांच्या पंथांना तोच शब्द लावलेला आहे. निवड करणे हे पाप नव्हे. निवडीचा तट होतो तेव्हा बिघडते, आणि माझ्या वाचनाप्रमाणे पौलाने ‘तट’ आधी लिहिला तो याच क्रमाने.

पर्यायी शब्दांविषयी थोडक्यात सांगतो. ‘दुही’ मनात असते, म्हणून ती पेरता येते. ‘दुफळी’ उघड दिसते, गावात ती माजते. ‘फाळणी’ मराठीने भूभागासाठी राखून ठेवला आहे. १९०५ ची बंगालची आणि १९४७ ची देशाची, या दोन घटनांमुळे त्या शब्दाला जे रक्त लागले आहे ते पाहता १९५६ ला किंवा आजच्या मतभेदांना तो लावू नये.

पहिल्या वाक्यासाठी मी असे सुचवेन : “१९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेले.”

प्रतिसाद (निपाणी)

काकांचे विवेचन पटले, पण ‘वाटणी’ पटत नाही. भाऊ घराची वाटणी करतात तेव्हा चार पंच बसतात आणि प्रत्येक भावाला विचारतात. सीमाभागातील मराठी माणसाला कोणी विचारले? दर १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या घरांत ‘वाटणी’ हा शब्द थंड वाटेल. मी ‘तोडले’ लिहीन. शिवाय ख्रिस्ती लेखणीला नेहमी सौम्य शब्द सापडतो, अशी येथे एक जुनी तक्रार आहे, तीही नोंदवून ठेवतो.

उत्तर (बेळगाव, कॅम्प)

तक्रार न्याय्य आहे. वाटणीत संमती गृहीत असते, आणि १९५६ मध्ये ती घेतली गेली नाही असे मानणाऱ्याने ‘तोडले’ जरूर लिहावे. त्या क्रियापदात कर्ता लपत नाही, हा त्याचा गुणच आहे. मात्र ‘वाटणी’ मी सौम्य म्हणून निवडलेला नाही. लूकाच्या बाराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मी शांतता नव्हे तर फूट आणायला आलो आहे, आणि पुढे बाप व मुलगा, सासू व सून एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतील असे सांगतो. तेथे मूळ शब्द चिरेचा नाही, वाटण्याचा आहे. त्याच लूकाच्या बाविसाव्या अध्यायात प्याला देताना “हा घ्या आणि आपसांत वाटा” असे जे म्हटले आहे, तेथे त्याच शब्दाचे क्रियापद आहे. घर वेगळे होणे आणि प्याला वाटून घेणे एका शब्दात मावते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे वाटणी झाल्यावरही भाऊ भाऊच राहतो. वाटणीचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालला तर आपण त्याला ‘भाऊबंदकी’ म्हणतो, पण त्या शब्दातही ‘भाऊ’ आहेच. सीमाप्रश्नाचे वर्णन करायला मला याहून नेमका मराठी शब्द ठाऊक नाही. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा सगळा क्रम भाऊबंदकीचा आहे, शत्रुत्वाचा नव्हे.

याला जोडून ‘एकीकरण’ या शब्दाकडेही पाहावे. मराठी माणूस हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून झगडणारी महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते. पण १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच वेळी येथेच कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली होती. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही याच गावात. दोन्ही भाषांनी या एका गावाला साक्षी ठेवून एकत्र येण्याचीच मागणी केली, आणि दोघांचे एकत्र येणे एकमेकांना फूट वाटले. १ नोव्हेंबरला एका बाजूने राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरी बाजू काळा दिवस पाळते, तेव्हा दोन्हीकडच्या भाषणांत ‘एकी’ हा शब्द सारख्याच जोराने येतो. म्हणून ‘एकी’ हा शब्द आपोआप चांगला आणि ‘वेगळेपण’ आपोआप वाईट, असे समीकरण मला मान्य नाही. कोणाची एकी आणि कोणाला बाहेर ठेवून, हे विचारावेच लागते.

आमच्या मंडळ्यांनी फार शेखी मिरवावी अशी परिस्थिती नाही. या जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारे ख्रिस्ती आहेत, कॅथलिक आणि मेथडिस्ट आहेत, त्यांखेरीज इतर मंडळ्याही आहेत. भाषेनुसार उपासना वेगळ्या होतात त्याला मी फूट म्हणत नाही. ज्याला जी भाषा कळते तिच्यात त्याने प्रार्थना करावी. मालमत्ता आणि पदे यांवरून जे तंटे चालतात, त्यांना मात्र पौलाचा ‘तट’ हाच शब्द शोभतो.

पुढील विचारणा (खानापूर)

पहिले वाक्य “राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातले” असे करतो, म्हणजे दोघांचेही समाधान व्हावे. दुसऱ्या वाक्याचा निर्णय राहिला. लेखकाचे म्हणणे असे की आज ख्रिस्ती माणसाने काही बोलले की त्याला ‘फुटीर’ म्हणतात, म्हणून गप्प बसणे बरे.

उत्तर (बेळगाव, कॅम्प)

‘फुटीर’ या शब्दाला आमच्या बाबतीत एक जुना भाऊ आहे, तो म्हणजे ‘बाटगा’. बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठी गद्याला ज्याने कादंबरीची वाट दाखवली, त्याच्या वाट्यालाही त्या काळच्या समाजाकडून ‘बाटला’ हेच क्रियापद येणार होते. ‘बाटणे’ हा विटाळाचा शब्द आहे आणि ‘फुटणे’ हा निष्ठेचा. विटाळ मानणे कायद्याने आणि काळाने मागे पडले, तेव्हा जुन्या शब्दाचे काम नव्या शब्दाकडे आले. २०२१ च्या डिसेंबरात येथील सुवर्ण विधानसौधात धर्मांतराविषयीचे विधेयक कर्नाटक विधानसभेने संमत केले, त्या दिवसांत हा नवा शब्द आमच्या कानी पुष्कळ वेळा पडला. मत बदलणाऱ्याने देश बदलला असे ज्यांना वाटते, त्यांनी नारायण वामन टिळकांचे अभंग वाचावेत. ख्रिस्ती होऊन त्यांची मराठी अधिक मराठी झाली, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा काढला त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

राहिला ‘राजकारणापासून दूर’ राहण्याचा मुद्दा. कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्यावे, या वचनाचा आधार घेऊन गप्प बसण्याची शिकवण आमच्याकडे पुष्कळ दिली गेली आहे. पण लोकशाहीत कैसराचे देणे फक्त कराचे नसते, त्यात मत येते, हरकत येते, प्रश्न विचारणे येते. ते न देणारा माणूस त्या वचनाचा अर्धा भाग मोडतो. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. व्यासपीठावरून कोणाला मत द्यावे हे पाळकाने सांगू नये, आणि कोणत्याही पक्षाच्या झेंड्याला वेदीजवळ जागा देऊ नये, मग तो पक्ष आपल्या बाजूने बोलणारा का असेना. ते सुरू झाले की मंडळीत पहिल्यांदा तट पडतो आणि फूट त्याच्या मागून येते. म्हणून वाक्याचा पूर्वार्ध असा करावा : “धर्माच्या आणि भाषेच्या नावाने तट उभे करून समाजात फूट पाडली जाते.” ‘पाडली जाते’ मध्येही कर्ता पूर्ण उघडा होत नाही, पण निदान तो आहे हे तरी कळते, लेखकाला धीर असेल तर त्याने नाव लिहावे. ‘म्हणून’पासूनचा उत्तरार्ध या पूर्वार्धातून निघतच नाही, तो काढून टाकावा.

शेवटी ‘राष्ट्रात’ हा शब्दही बदलावा, आणि तो बदल मी मुद्दाम सुचवीत आहे. आपल्या पवित्र शास्त्रात ‘राष्ट्र’ म्हणजे राज्यसंस्था नसून लोक असतात. “सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा” असे म्हटले तेथे सरकारांचा विचार नाही, आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सिंहासनासमोर राष्ट्रे, वंश आणि वेगवेगळ्या भाषा बोलणारे अगणित लोक उभे आहेत ते आपापली भाषा टाकून आलेले नाहीत. त्या अर्थाने मराठी हे एक राष्ट्र आणि कन्नड हे दुसरे. स्मरणिकेचे वाचक दोन्ही अर्थ जाणणारे असतील, म्हणून गोंधळ नको. मी सुचवलेल्या वाक्यात ‘समाजात’ आहे तेच ठेवावे, आणि लेखकाला भारताविषयीच बोलायचे असेल तर ‘देशात’ लिहावे.