आजोबांच्या जुन्या रेकॉर्डी घरच्या घरी कशा धुवाव्यात?

परभणीकर:
मंडळी, मदत पाहिजे. गावाकडचं घर पाडायलेत, माळवदाच्या खोलीतून आजोबांची लोखंडी पेटी निघाली. आत 40-45 रेकॉर्डी, भजनं, नाट्यगीतं, काही सिनेमाच्या. सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर, दोन-चारांवर बुरशी. यूट्यूबवर एक जण फेविकॉल फासायला सांगतो, दुसरा स्पिरिटनं पुसतो, तिसरा सरळ नळाखाली धरतो. रेकॉर्डी धुवायचं मशीन घेणं सध्या जमणार नाही. त्यात आमच्याकडं बोअरचं पाणी, बादली आतून पांढरी होते. काय करू? एक पण वाया जाऊ द्यायची नाही.

बीडचा रेडिओवाला:
दादा, आधी स्पिरिट लांब ठेवा. पेटीत दोन जातीच्या रेकॉर्डी असतील. जड, अजिबात न वाकणारी, 78 स्पीडची म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी असेल तर ती लाखेची समजा. लाँग प्ले म्हणजे 33 वाली, ती व्हायनल प्लास्टिकची, जराशी लवते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिशला चपडा म्हणजे लाखच स्पिरिटमध्ये भिजवतो की. मी चुलत्याची एक 78 स्पिरिटनं पुसली होती, कापूस काळा व्हायला लागला तसं मला वाटलं मळ निघालाय म्हणून अजून जोरात घासलं, वाळल्यावर बघतो तर तेवढ्या पट्ट्यातली चमक गेलेली आणि तिथं सुई आली की गाणं नाही नुसती खरखर. अजून जपून ठेवलीय ती, पण वाईट वाटतं. सॅनिटायझर पण नको, त्यातलं ग्लिसरीन सुई फिरते त्या बारीक खाचेत बसतं. फेविकॉल लाखेवर तर लावूच नका.

लातूरची ताई:
बोअरच्या पाण्यानं शेवटचा हात मारू नका. पाणी उडून जातं, क्षार खाचेतच राहतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा सीलबंद कॅन मिळतो, तोच घ्या. माती ओली व्हायच्या आधी मऊ ब्रशनं कोरडी झटका, नाहीतर चिखल होऊन खाचेत जातो आणि माती घासली गेली की चरे पडतात. बुरशीवाल्या अंगणात घ्या, तोंडाला रुमाल बांधून. मग पाव लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड ओलं करून पिळायचं आणि खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा. मधल्या कागदी लेबलला थेंब लागू देऊ नका. लाखेची भिजत ठेवायची नाही, पुसली की लगेच टिपून घ्या, तडा गेलेली असेल तर तिला पाणीच नको. वाळवायला सावलीत, उभी. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन एका दुपारीत लाँग प्ले वाकडी करतं.

परभणीकर:
लई उपकार झाले. मोजल्या, 31 लाखेच्या निघाल्या. स्पिरिटची बाटली आणून ठेवली होती, उद्याच पुसायला बसणार होतो. आज एकच भजनाची धुतली, कापडावर चहाच्या रंगाची माती आली आणि खाली लेबलवर आजोबांनी पेनानं टाकलेला नंबर दिसला. आता वाजवून बघू का?

बीडचा रेडिओवाला:
थांबा. लाँग प्लेची सुई 78 ला चालत नाही, 78 ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला लागते. 78 ची वेगळी सुई मिळते, ती बसवा. आणि जुन्या कव्हरात परत घालू नका, त्यातच सगळी माती आहे.