स्ट्रिंगिफायचा उपाय अर्धाच आहे

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जावास्क्रिप्ट तपासताना मधल्या किमती छापून बघायची जागा) लॉग केलेल्या, म्हणजे छापलेल्या, ऑब्जेक्टचा (नावांनिशी किमती एकत्र ठेवणारा गठ्ठा) बाण उघडला की लॉग केला त्या क्षणाची नव्हे, उघडला त्या क्षणाची किंमत दिसते, असं सांगितलं जातं ते अगदी बरोबर. पण ‘म्हणून नेहमी जेसन स्ट्रिंगिफाय करूनच, म्हणजे ऑब्जेक्टचा साधा मजकूर बनवूनच छापा’ हा त्यावरचा सल्ला मला पटत नाही. तेही फसवतं, आणि तिथे शंकासुद्धा येत नाही.

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीनचे भाव दाखवणाऱ्या एका पानाच्या लॉगमध्ये भावाच्या जागी सारखं नल (‘काहीच नाही’) छापलं जायचं. सगळे सर्व्हरच्या मागे लागले. सर्व्हर भाव नीट पाठवत होता, फक्त देवनागरी आकड्यांत! मजकुराचा आकडा करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ‘४५००’ कळत नाही, ते नॅन (‘हा आकडा नाही’) देतं, आणि स्ट्रिंगिफाय त्या नॅनचं नल करून छापतं. ज्या नावाची किंमत अनडिफाइन्ड (ठरवलेलीच नाही) असते ते नाव तर गायबच होतं, भरलेला मॅप (जोड्यांचा साठा) रिकामा दिसतो.

त्यापेक्षा स्ट्रक्चर्डक्लोन करून, म्हणजे ऑब्जेक्टची वेगळी प्रत काढून, ती लॉग करा. हे फंक्शन २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. नॅन, अनडिफाइन्ड, तारीख, मॅप सगळं जसंच्या तसं राहतं. ऑब्जेक्टमध्ये फंक्शन असेल तर मात्र ते एरर फेकतं, तिथे सरळ ब्रेकपॉइंट (कोड त्या ओळीवर थांबवणारी खूण) लावून थांबावं.