भट्टीपुढे सहा लिटर पाणी, आणि लघवी एकदाच?

लश्करचा_आचारी
मी ग्वाल्हेरला लग्नाच्या स्वयंपाकाची कामं घेतो. मे महिन्यात भट्टीपुढे सहा-सात लिटर पाणी सहज पोटात जातं, तरी लघवी दिवसभरात एकदाच, तीही मोहरीच्या तेलासारखी पिवळीजर्द. पावसाळ्यात काम नसलं की घरी दोन कप चहा घेतो अन् चारदा उठतो. बायकोने डॉक्टरकडे पाठवलं. रिपोर्ट चांगले आले, पण कारण कुणी सांगितलं नाही. किडनी म्हणजे गाळणी ना? मग गाळणीला उन्हाळा-पावसाळा कुठून कळतो?

बिनधास्त_बंड्या
काम संपलं की एक थंड बिअर मारा दादा, धो धो होईल.

लॅबवाल्या_काकू
बंड्या, गप बस. दारूने लघवी होते ती शरीरातलं आहे तेच पाणी घालवून. भट्टीवरून उतरलेल्या माणसाला हा सल्ला देतात का?

दादा, मी एकतीस वर्षं मुरारच्या एका लॅबमध्ये लोकांची लघवीच तपासली. गाळणी म्हणालात ते खरं, पण अर्धंच. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे नळी जोडलेल्या अगदी बारीक गाळण्या. त्यांच्या तोंडाशी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. मीठ, साखर, युरिया पाण्याबरोबर खाली. ते सगळं बाहेर पडलं असतं तर रक्तातला पातळ भाग अर्ध्या तासात संपला असता. म्हणून पुढच्या नळीत ९९ टक्के पाणी परत घेतलं जातं, उरतं दीडेक लिटर. तुमचा उन्हाळा-पावसाळा या परत घेण्यात आहे.

घाम गेला, रक्त जरासं दाट झालं, की मेंदूला लगेच कळतं. तिथून व्हॅसोप्रेसिन नावाचं हॉर्मोन सुटतं आणि नळीच्या शेवटच्या भागात पाण्यापुरती बारीक दारं उघडतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. ती शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. किडनीचा आतला गाभा खारट असतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसं नळीतलं पाणी त्या खारटपणाकडे ओढलं जातं आणि रक्तात परत जातं. घरी बसून चहा प्यालात की दारं बंद, पाणी सरळ बाहेर.

लघवी साध्या पाण्याच्या किती पट जड आहे ते मोजायला आमच्याकडे युरिनोमीटर असायचा. लांब मानेचा काचेचा फुगा, बुडाशी वजन. नमुन्यात सोडताना हलकी गिरकी द्यायची, नाहीतर भांड्याला चिकटतो. भरपूर पाणी प्यालेल्याच्या नमुन्यात तो खोल बसायचा, १.००५. मे महिन्यात उन्हात राबणाऱ्यांचा वर तरंगायचा, १.०३०.

घामातून मीठही जातं, तेव्हा नुसतं पाणी पीत राहू नका. बीपी नसेल तर मीठ घातलेलं ताक घ्या.

लश्करचा_आचारी
काकू, हे तर पाकाचं गणित! पाणी काढून घेतलं की पाक घट्ट. म्हणजे मे महिन्यात माझी किडनी दोनतारी पाक करते अन् पावसाळ्यात नुसतं साखरपाणी.

लॅबवाल्या_काकू
बरोबर आहे हो. पण आता लग्नात जिलबी वाढलीत की मी ती खायची कशी?