1993 चं औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाचं विमान : दोष ट्रकचा का पायलटचा? आन् कॉकपिटमधल्या हलगर्जीपणानं खरंच किती विमानं पडतात?

मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं 1993 च्या विमानाचा विषय निघाला की जुनी माणसं एकच सांगतात, कापसाच्या गाठीचा ट्रक मधी आला आन् विमान पडलं, झालं, संपला विषय. ट्रक ड्रायव्हरला चार शिव्या देतात आन् चहा पितात. पण परवा एका लग्नात एक पाहुणे सांगायले की चौकशीत पायलटचीच चूक निघाली होती, विमान वेळेवर उचललंच नाही म्हणे. मला हे नवीनच होतं. विमानात दोन दोन पायलट असतेत, वर कंट्रोल टॉवर, मशिनी, एवढं सगळं असून माणसाच्या हलगर्जीपणानं विमान पडतं म्हणजे नेमकं काय होतं आतमधी? झोपतेत का, गप्पा मारतेत का, का शिकलेलंच विसरतेत? कुणाला नीट माहिती असंल तर सांगा, यूट्यूबवर निस्तं भीती दाखवायलेत.

चिकलठाणकर

पाहुणे अर्धं बरोबर सांगायलेत. 26 एप्रिल 1993, इंडियन एअरलाइन्सची 491 नंबरची फ्लाइट, बोइंग 737, दिल्लीहून जयपूर उदयपूर करत औरंगाबादला आली आणि इथून मुंबईला निघाली. दुपारची वेळ, आणि आपल्याकडचं एप्रिलचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. गरम हवा पातळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही पूर्ण जोर देत नाही, त्यामुळे विमानाला जास्त पळावं लागतं. आपली धावपट्टी तेव्हा साधारण 6000 फुटांची होती, म्हणजे हाताशी फार जागा नव्हती. अशा वेळेला एक ठरलेला वेग आला की दुसरा पायलट 'रोटेट' म्हणतो आणि चालवणाऱ्याने नाक लगेच, पण एका लयीत उचलायचं असतं, सेकंदाला दोन-तीन अंश. अहवालात म्हटलंय की नाक उशिरा उचललं आणि उचलायची पद्धतही चुकली. विमान जमिनीवरून सुटलं तेच जवळजवळ धावपट्टीच्या टोकाला, आणि टोकाच्या पलीकडं काय तर बीड रोड. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर डावीकडची चाकं आणि डावं इंजिन त्या गाठींना धडकलं. तरीपण विमान तसंच पुढं गेलं, तीनेक किलोमीटरवर हाय टेन्शनच्या तारांना लागलं आणि मग पडलं. 118 माणसं होती, 55 गेली.

आता उरलेलं अर्धं. त्याच अहवालात दुसरं कारण दिलंय, ते म्हणजे विमानांच्या वेळेला बीड रोडवरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं नियंत्रित केली नाही. म्हणजे रेल्वेच्या फाटकाला माणूस असतो आणि विमानाच्या वाटेवर कुणी नाही. ट्रकवाला बिचारा सरकारी रस्त्यानं चालला होता, त्याला काय माहीत की डोक्यावरून बोइंग येतंय. त्यामुळं ट्रकला शिव्या देणं बंद करा पहिलं.

बालाघाटी

लई छान सांगितलं दादा. आमच्या गेवराईकडं तर अजून असं सांगतेत की ट्रकवर माणूस बसला होता त्यानं हात केला म्हणून अन् काय काय. 😄

एसटी_चा_माणूस

मी लातूर डेपोत ड्रायव्हर होतो, आता घरी आहे. विमानातलं मला कळत नाही पण झोपेचं कळतं. रात्रीची गाडी पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतेत पण माणूस आत नसतो. आमच्याकडं निदान कंडक्टर हाक मारतो. पायलटला कोण हाक मारतं?

उदगीरची_लेक

काका, तुम्ही एकदम मुद्द्याला हात घातलात. मंगळूरचा अपघात अगदी हाच आहे. 22 मे 2010, एअर इंडिया एक्स्प्रेस, दुबईहून रात्री निघालेली, सकाळी सहाच्या सुमाराला पोचली. 166 पैकी 8 जण वाचले, 158 गेले. कॉकपिटचा व्हॉइस रेकॉर्डर तपासला तर त्यात दीड तासापेक्षा जास्त वेळ कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज. बरं, झोपणं हा गुन्हा नाही, एकाने थोडा वेळ डुलकी काढायची परवानगी असते, पण उतरायच्या बऱ्याच आधी जागं होऊन पूर्ण शुद्धीवर यायचं असतं. हे उठले ते उतरायची घाई सुरू झाली तेव्हा, आणि झोपेतून उठलेला माणूस काही मिनिटं अर्धवटच असतो. विमान खूप उंच आलं होतं, मग एकदम खाली दाबलं. सह-पायलटने तीन वेळा गो अराउंड म्हटलं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, फिरून येऊ. ऐकलं नाही. 8000 फुटांच्या धावपट्टीवर 5200 फूट गेल्यावर चाकं टेकली, मग थांबायला कुठली जागा. आणि मंगळूरची धावपट्टी डोंगराच्या माथ्यावर, पुढं दरी.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की हाक मारणारा असतो. तो हाक मारतोही. पुढचं सगळं ऐकणाऱ्यावर.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

बाप रे. तीन वेळा सांगून? मग त्या सह-पायलटनं सरळ स्टेअरिंग हातात का नाही घेतलं ताई?

गोदातीर_नांदेड

त्याचं नंतर सांगतील, मी आधी गप्पांचं सांगतो कारण मूळ प्रश्नात होतं. 1974 ला अमेरिकेत शार्लटला ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान धुक्यात उतरताना पडलं, 72 गेले, आणि खाली येताना पायलट राजकारण आन् जुन्या गाड्यांवर बोलत होते, उंची किती राहिली इकडं कुणाचं लक्षच नाही. अशा घटनांवरून 1981 ला तिकडं नियम आला, त्याला स्टराइल कॉकपिट म्हणतात, 10,000 फुटांच्या खाली फ्लाइटच्या कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, एअर होस्टेसनंही किरकोळ कामासाठी आत फोन करायचा नाही. आणि नियम असून काय, 1988 ला डलासला डेल्टाचं विमान उडायच्या आधी पायलट आणि एअर होस्टेसच्या मस्त गप्पा चालल्या, फ्लॅप, म्हणजे जास्त उचल मिळावी म्हणून पंखाच्या मागच्या कडेचे खाली सरकवायचे पट्टे, लावायचे राहिले, 14 जण गेले. चेकलिस्ट वाचली होती बरं का. एकाने फ्लॅप म्हटलं, दुसऱ्याने बघता बघता ठरलेलं उत्तर दिलं, पण लिव्हर होता तिथंच. आपण देवळात आरती म्हणताना तोंड चालू आन् डोकं जेवणात, तसलाच प्रकार.

ईस्टर्नचंच अजून एक आहे, 1972 चं, मायामीजवळ. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक खाली आलंय का नाही हे बघायला अख्खं क्रू त्या एका बल्बच्या मागं लागलं. तेवढ्यात ऑटोपायलटची उंची धरून ठेवायची सेटिंग बहुतेक विमान चालवायच्या दांड्याला धक्का लागून सुटली आणि विमान हळूहळू खाली यायला लागलं, रात्रीची वेळ, खाली दलदल, एक दिवा नाही. इशाऱ्याचा आवाजही झाला होता, कुणी ऐकला नाही. 101 माणसं गेली, आणि चाक व्यवस्थित खाली होतं. बल्ब उडाला होता फक्त. हे वाचलं तेव्हा मी लई वेळ नुसता बसून होतो.

बालाघाटी

पोराला सीटवर बसवलं होतं ते खरं आहे का कुणाचं तरी? रशियात?

गोदातीर_नांदेड

खरं आहे. मार्च 1994, एरोफ्लोटची 593, मॉस्कोहून हाँगकाँगला. पायलटनं आपल्या पोरीला आणि मग पोराला सीटवर बसवलं, ऑटोपायलट चालू आहे म्हटल्यावर काय होतंय या भरवशावर. पोरानं दांडा जोर लावून धरून ठेवला, त्यानं ऑटोपायलटचा विमान डावी-उजवीकडं झुकवणारा भाग गुपचूप सुटला, फक्त एक दिवा लागला, आवाज नाही. कळेपर्यंत विमान आडवं झालेलं. 75 च्या 75 गेले. ह्याला हलगर्जीपणा म्हणायला मला कुठल्या चौकशीची गरज नाही, बाकीच्यांबद्दल वाद घाला.

तेरणा_पाणी

मी वाद घालतोच. हे सगळं ठीक आहे, पण प्रत्येक अपघातात पायलटवर खापर फोडायची सवय आहे हे पण मान्य करा. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. कंपनीला बरं, विमान बनवणाऱ्याला बरं, सरकारला तर फारच बरं. 1993 मध्येच बघा, लोकांनी ट्रकवाला धरला, कागदावर पायलट पहिला, आणि रस्ता मोकळा सोडणारं खातं दुसऱ्या नंबरला. अहमदाबादचं 2025 चं विमान घ्या. प्राथमिक अहवालात एवढंच आलं की उडाल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, एक पायलट विचारतो तू का बंद केलं, दुसरा म्हणतो मी नाही केलं. त्यात कुणावर दोष ठेवलेला नाही. तरी आपल्या टीव्हीवाल्यांनी त्याच रात्री निकाल लावून टाकला. ज्याचं माणूस गेलंय त्या घरात काय वाटत असेल?

चिकलठाणकर

तेरणा भाऊ, अहमदाबादबद्दल शंभर टक्के सहमत, ते इथं आणूच नका. पण जिथं चौकशी पूर्ण झालीय तिथं तरी बोलावं लागेल ना. पोखरा घ्या, जानेवारी 2023, नेपाळच्या यती एअरलाइन्सचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं विमान. उतरायच्या आधी फ्लॅपचा लिव्हर ओढायचा तर शेजारचे दोन कंडिशन लिव्हर, म्हणजे पंख्यांच्या पात्यांचे, ओढले, इंजिनं चालू राहिली पण पंख्यांची ढकलायची ताकद शून्य. 72 माणसं. आणि लिव्हर चुकीचा ओढणारा नवशिका नव्हता, शिकवणारा कॅप्टन होता. लिव्हर शेजारी शेजारी, दिवसातली तिसरी खेप, नवीन विमानतळाचा नवीन वळणाचा रस्ता, हे सगळं खरं. पण ओढला त्यावर नजर टाकायला दोन सेकंद लागतात, आणि पुढं मिनिटभर दोघांनाही कळलं नाही की ताकद कुठं गेली. आता ह्याला तुम्ही सिस्टीम म्हणणार का?

तेरणा_पाणी

दोन्ही म्हणणार. चूक होणारच हे धरून तसे लिव्हर बनवायला काय झालं होतं? घरच्या मिक्सरला झाकण नीट बसल्याशिवाय चालू न होण्याची सोय असते.

एसटी_चा_माणूस

हे बोलला बरोबर.

उदगीरची_लेक

मांजराकाठ दादांचा प्रश्न राहिलाच, स्टेअरिंग का नाही घेतलं. नियमात घ्यायचा हक्क आहे, हक्क कशाला, कामच आहे ते. दोघांपैकी कुणीही गो अराउंड म्हटलं की चालवणाऱ्याने वाद न घालता वर जायचं, आणि तो काहीच करत नसेल तर दुसऱ्याने ताबा घ्यायचा. पण विचार करा, शेजारी तुमच्यापेक्षा वयाने, अनुभवाने दुप्पट माणूस, उद्या त्याच्याच रिपोर्टवर तुमचं प्रमोशन, आणि निर्णयाला काही सेकंद. आपल्याकडं तर मोठ्या माणसाला तोंड वर करून बोलू नको हे पाळण्यापासून शिकवलेलं. 1978 ला अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेडचं विमान चाकांच्या बिघाडात घिरट्या मारत राहिलं आणि इंधन संपून पडलं, इंजिनीअर कॅप्टनला इंधनाचं सांगत होता पण दबकत दबकत. त्यानंतर तिकडं क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणून ट्रेनिंगच सुरू झालं, कॅप्टनने ऐकायचं कसं आणि धाकट्याने ठणकावून बोलायचं कसं. आज सगळ्या एअरलाइन्समध्ये ते सक्तीचं आहे.

आणि तरीही मंगळूरनंतर दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 ला, कोझिकोडला तेच. तीच कंपनी, तसलीच माथ्यावरची धावपट्टी, मुसळधार पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला. अर्धी धावपट्टी गेल्यावर चाकं टेकली. सह-पायलटने गो अराउंड म्हटलं होतं. 21 जण गेले, दोघं पायलट धरून. तेरणा भाऊ, तुमच्यासाठी : अहवालात हेही आहे की त्या कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट न्यायची होती आणि कंपनीने कोझिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते, म्हणून तिथंच उतरायची ओढ. पण मुख्य कारणात दोन गोष्टी लिहिल्यात. एक, कॅप्टनने नियम मोडून उतरणं चालू ठेवलं. दोन, सह-पायलटने ताबा घेतला नाही.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

म्हणजे त्या पोरानं सांगितलं तरी दोष त्याच्यावरही?

उदगीरची_लेक

हो दादा. निस्तं सांगणं पुरत नाही असंच लिहिलंय त्यांनी.

तेरणा_पाणी

अन् कॅप्टन कमी ठेवणाऱ्यांवर काय लिहिलंय?

उदगीरची_लेक

मुख्य कारणात नाही, सहायक कारणांत आहे.

तेरणा_पाणी

वाटलंच मला.