ई८५ घालायला लागल्यापासून गाडी थंडीत कुरकुरते. बंद करू की धीर धरू?

मक्याच्या_रानात:

मंडळी, नमस्कार. मूळ गाव वारणाकाठचं, सध्या मुक्काम आयोवात, एम्सपासून पंधरा मैलांवर. गावाकडं गळीत हंगाम लागला की डिस्टिलरीकडनं आंबूस वास यायचा. इथं मक्याच्या इथेनॉल प्लांटचा येतो, भाजत्या पावावर कुणीतरी ताक सांडल्यासारखा. म्हणजे गाव सोडलं तरी हा धंदा काही मला सोडत नाही.

तर सप्टेंबरमध्ये एक जुनी सेडान घेतली. २०१२ ची, सहा सिलिंडर, १,१८,००० मैल पळालेली. विकणारा सत्तरीचा शेतकरी. टाकीचं झाकण उघडलं तर आत पिवळीधमक टोपी, वर ई८५ लिहिलेलं. म्हणजे फ्लेक्स-फ्युएल, साधं पेट्रोल घाला नाहीतर ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं घाला, गाडी खपवून घेते. म्हातारा म्हणाला, तीस वर्षं मका प्लांटला घातला, पण गाडीत ई८५ एकदाही घातलं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, किमतीतून दोनशे डॉलर कमी करून घ्यायच्या नादात होतो.

ऑक्टोबरात साधं पेट्रोल घालून गॅलनला २५ मैल मिळाले. डिसेंबरपासून ई८५ सुरू केलं, गॅलनमागं ४० सेंट स्वस्त बघून. जानेवारीत मायलेज १८ वर आलं. त्यात परवा पहाटे उणे २४ सेल्सिअस होतं, तर स्टार्टर इतका वेळ घुरघुरला की शेजारच्या घरात दिवा लागला. लागली एकदाची. दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा पेटला. कोड वाचला तर ‘मिश्रणात इंधन कमी’. गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या, बदलायचे ६४० डॉलर सांगितले.

सवयीचंही सांगून टाकतो, कुणी विचारायच्या आत. मी टाकी कधी फुल करत नाही. गावाकडं मोटारसायकलमध्ये “शंभरचं टाक” म्हणायचो, तसं इथं येता-जाता पाच डॉलरचं टाकतो. कधी ई८५, कधी साधं, जो पंप मोकळा असेल तो. अशी भेसळ चालते ना? इंजेक्टर खरंच गेलेत का? आणि मुळात हे परवडतंय का?

निवांत_नाना:

साधं पेट्रोल टाका आणि विषय संपवा. चार पैशासाठी पहाटे शेजाऱ्यांच्या शिव्या कशाला?

कॅलिब्रेशनवाली:

नाना, थांबा जरा. दादा, इंजेक्टरला हात लावू नका. मी मिशिगनमध्ये इंजिन कॅलिब्रेशनचंच काम करते. तुमचा बिघाड त्या “पाच डॉलरचं टाक”मध्ये आहे असं मला वाटतं.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त फवारावं लागतं. किती जास्त, हे टाकीत इथेनॉल किती आहे त्यावर ठरतं. काही गाड्यांत ते मोजायला इंधनाच्या नळीवर सेन्सर असतो. पण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत कंपन्यांनी तो सेन्सर काढून टाकला आणि अंदाजावर काम भागवलं. टाकीतला तरंगता काटा वर गेला की कॉम्प्युटरला कळतं, इंधन भरलंय. मग पुढचे काही मैल तो धुराड्यातल्या ऑक्सिजन सेन्सरकडं बघून शिकतो की मिश्रण बदललंय का.

तुम्ही दोन गॅलन टाकता तेव्हा काटा जेमतेम हलतो. भरलेलं त्याला कळतच नाही. इकडं इथेनॉल वाढलं, इंजिनाला इंधन कमी पडतंय आणि कॉम्प्युटरला वाटतंय कुठूनतरी हवा आत घुसतेय. लावला दिवा. म्हणून अशा एका कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की इंधन बदलताना तीन गॅलनपेक्षा कमी भरू नका आणि भरल्यावर लगेच निदान सात मैल चालवा. पंपावरून घरी आणून लावली, की सकाळी ती जुन्या अंदाजावरच सुरू व्हायला बघते. भेसळ करायला हरकत काहीच नाही, त्यासाठीच ती गाडी आहे. फक्त भरायची ती एकदम भरा.

मायलेजचा हिशेब मात्र तुम्ही चुकवलाय. ऑक्टोबरचं साधं आणि जानेवारीचं ई८५ यांची तुलना करताय. उणे २० मध्ये साधं पेट्रोलही २५ देत नाही. एकाच महिन्यात दोन्हीची एकेक टाकी पूर्ण चालवून बघा.

अजून एक. अमेरिकेतल्या ई८५ मध्ये ८५ टक्के इथेनॉल असेलच असं नाही. मानकानुसार ५१ ते ८३ टक्के चालतं, हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. थंडीत इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही, ठिणगीवर पेट घ्यायला पेट्रोलातले हलके अंशच कामी येतात. म्हणून हिवाळ्यात पेट्रोल वाढवतात. तरी उणे २४ ला घुरघुरणारच. गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे रात्री विजेवर इंजिन गरम ठेवणारा हीटर, आहे का बघा, तुमच्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना असतो.

पिरासिकाबाचा_पाहुणा:

ब्राझीलमधून राम राम. साओ पावलो राज्यात आहे, इथं चारी बाजूंना ऊसच ऊस. पहिल्यांदा आलो तेव्हा सांगलीला उतरल्यासारखं वाटलं, फक्त पाट्या वाचता येईनात.

इथं २००३ मध्ये फोक्सवॅगननं पहिली फ्लेक्स गाडी आणली, गोल नावाची. आता नवीन गाडी फ्लेक्स नसेल तर लोक विचारतात, का बुवा नाही? पंपावर दोन भाव लिहिलेले असतात आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच भागाकार असतो: इथेनॉलचा भाव भागिले पेट्रोलचा भाव. उत्तर ०.७० च्या खाली आलं तर इथेनॉल, वर गेलं तर पेट्रोल. माझी कामवाली मावशी हे माझ्यापेक्षा लवकर करते.

पण तुमच्याकडं ०.७० जसंच्या तसं लावू नका. इथलं पंपावरचं इथेनॉल म्हणजे जवळजवळ सगळं इथेनॉलच, वर थोडं पाणी. आणि इथल्या पेट्रोलातही २०२५ च्या ऑगस्टपासून ३० टक्के इथेनॉल असतं. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. थंडीचं म्हणाल तर इथल्या जुन्या फ्लेक्स गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची, गार सकाळी तेवढं पेट्रोल पिऊन गाडी जागी व्हायची. लोक ती भरायला विसरायचे आणि मग ढकलत बसायचे.

कराडची_टपरी:

तुमचं बरं आहे, निवड तरी आहे. आमच्याकडं पंपावर जे येतं ते ई२०, घ्या नाहीतर चालत जा. माझी २०१६ ची हॅचबॅक १७ देत होती, आता साडेपंधरा. ताई, हे इथेनॉलमुळंच का? आणि आपल्याकडं फ्लेक्स गाडी कधी मिळणार? २०२१ ला पुण्यात तीन पंपांवर शुद्ध इथेनॉल सुरू केलं म्हणून वाचलं होतं. इनोव्हाचाही एक फ्लेक्स नमुना २०२३ ला दाखवला. माझ्या गल्लीत काही आली नाही.

कॅलिब्रेशनवाली:

कराडकर, लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई२० मुळं साधारण ७ टक्के जातात, ई१० शी केली तर त्याच्या निम्मे. नीती आयोगाच्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्केच धरलेत. तुमचे ९ गेलेत. उरलेल्यासाठी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघा. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्यांवरही नजर ठेवा, भेगा दिसल्या की बदला. आणि ई२० चालतंय म्हणून त्यात कुणाच्या सांगण्यावरून ई८५ घालू नका. ती फ्लेक्स नव्हे.

मक्याच्या_रानात:

तीन आठवड्यांनी परत आलो. ताईंनी सांगितल्यावर टाकी पाव होईपर्यंत थांबलो आणि मग एकदम तेरा गॅलन ई८५ भरलं. भरून तसाच एम्सला जाऊन आलो. कोड पुसला होता, तो आजवर परत आलेला नाही. ६४० डॉलर वाचले, त्यातले वीस परवा पार्टीला गेले.

मग ५१ ते ८३ हे वाचून डोक्यात किडा शिरला. माझ्या पंपावर नक्की किती? शंभर मिलीची मोजनळी मागवली, काचेची. अंगणात उघड्यावर, हातात मोजे घालून बसलो. आधी ५० मिली पाणी घेतलं, त्यावर ५० मिली ई८५ ओतलं, बूच लावलं, हलवलं आणि कुंपणाच्या खांबापाशी उभं करून ठेवलं. इथेनॉलला पाण्याची ओढ जास्त, ते खाली पाण्यात जातं आणि पेट्रोल वर सुटं राहतं. पाच मिनिटांत मधोमध रेघ उमटली, सुरीनं कापल्यासारखी. वरचा थर पिवळट, खालचा किंचित दुधाळ. वर २१ मिली. म्हणजे ५० पैकी २९ इथेनॉल, ५८ टक्के. पाटी ई८५ ची आणि माल ई५८ चा!

पण एक कोडं सुटेना. ५० आणि ५० शंभर व्हायला हवेत. नळीत भरले ९७ च्या आसपास. सांडलं नाही, देवाशपथ. तीन मिली गेलं कुठं?

डिस्टिलरीवाला:

वाचत होतो, आता राहवेना. पाहुणं, तीन मिली कुठं गेलं नाही, आकसलं. पाणी आणि अल्कोहोल एकत्र केलं की रेणू एकमेकांत बसतात, आकारमान घटतं. आमच्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच दाखवतात. आधी पोरगं नळी गळतीय का बघतं, मग मोजायला शिकतं. तुमच्यासारखंच. २९ बरोबर आहे, कारण तुम्ही ते वरच्या थरावरनं काढलं. खालच्या थरावरनं काढलं असतं तर फसला असता.

आता जरा आमचं. मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की स्पिरिट ९५ टक्क्यांच्या आसपास येऊन अडतं, कितीही उकळा. उरलेलं पाणी मॉलिक्युलर सिव्हमधनं काढतो, बारीक भोकांचे दाणे असतात, पाणी धरून ठेवतात. मग ते पेट्रोलात मिसळायच्या लायकीचं होतं. ब्राझीलवाल्यांना पंपावर पाण्यासकट चालतं, कारण ते सगळं इथेनॉलच. पेट्रोलात मिसळायचं असेल तर पाणी नको, नाहीतर तुमच्या नळीत झालं तेच गाडीच्या टाकीत होईल. कराडकरांनी पावसाळ्यात झाकणाचं रबर तेवढं बघावं.

एका टन उसाच्या रसाचं सत्तर लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. २०२३ च्या डिसेंबरात रसाचं इथेनॉल करण्यावर बंधनं आली तेव्हा आमच्याकडं जी शांतता पसरली, ती अजून आठवते. आता आमच्या गेटावर मक्याचे ट्रकपण लागतात. तुमच्या म्हाताऱ्याला सांगा.

निवांत_नाना:

ते सगळं ठीक, पण परवडतंय की नाही? मूळ प्रश्न राहिलाच.

मक्याच्या_रानात:

नाना, घ्या. फेब्रुवारीत दोन्हीची एकेक टाकी चालवली. साधं २.७९ डॉलर, मैल २२, म्हणजे मैलाला १२.७ सेंट. ई८५ २.३९ डॉलर, मैल १८.३, म्हणजे १३.१ सेंट. थंडीत तुम्ही जिंकला. ताईही जिंकल्या, कारण साध्याचेही २५ चे २२ झाले होते.

जूनमध्ये परत केलं. नळीत ई८५ आता ८० टक्के दाखवतं. भाव २.१९, मैल १९, म्हणजे साडेअकरा सेंट. साधं ३.०९, मैल २५, म्हणजे १२.४. सध्या ई८५ घालतोय, नोव्हेंबर लागला की थांबवीन. पंपाच्या पावत्या सनव्हायजरला खोचून ठेवतो, बायको म्हणते गाडीला तोरण लावलंय.

ताई, ब्लॉक हीटर सापडला. वायर पुढच्या जाळीमागं पट्टीनं बांधलेली होती. तेरा-चौदा हिवाळे झाले, प्लगवरची प्लास्टिकची टोपीसुद्धा कुणी काढलेली नव्हती.