प्लांटेड टँकला शांत फिल्टर म्हणजे कॅनिस्टरच? मराठवाड्यात तरी नाही

खामकाठ
काल एका ग्रुपवर जालन्याच्या एका मुलाने विचारलं होतं की माशांचा दोन फुटी टँक झोपायच्या खोलीत ठेवायचाय, झाडं लावायचीत, आवाज अजिबात नको, तर फिल्टर कुठला घेऊ? एका जाणत्या गृहस्थांनी दोन ओळींत निकाल लावला: "प्लांटेड आणि शांत हवं तर कॅनिस्टर. स्पंज फिल्टर म्हणजे रात्रभर खळखळाट आणि सगळा सीओटू हवेत." खाली अंगठ्यांची रांग. कॅनिस्टर म्हणजे टँकबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला मोटरचा डबा; स्पंज फिल्टर म्हणजे पाण्यात बसवलेला स्पंज, एअर पंपाची हवा उभ्या नळीतून वर जाताना त्याच्यातून पाणी ओढते. सीओटू म्हणजे झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड. मला राहवेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तो सीओटूचा सिलिंडर लावणार आहे का, हे कुणी विचारलंच नाही. सिलिंडर लावून सीओटू ३० पीपीएमपर्यंत (लिटरमागे ३० मिलिग्रॅम) नेणार असाल तर वरचं पाणी ढवळणं परवडत नाही, मान्य. पण बिनसिलिंडरच्या टँकमध्ये गणित उलटं असतं. दिवसा झाडं पाण्यातला सीओटू ओढून घेतात आणि तो हवेशी समतोल राहील त्याच्याही खाली जातो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही उरत नाही. अशा वेळी पाणी हललं तर हवेतला सीओटू आत येतो. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्ट, अनुबियास, जावा फर्न ही झाडं लावणाऱ्या नवख्याला बुडबुड्यांची भीती का घालायची?

दुसरं म्हणजे लाइट. आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली तर ती कधी येईल हे कुणी सांगावं? कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. माशांची घाण पचवणाऱ्या आतल्या जीवाणूंना ऑक्सिजन मिळतो तो वाहत्या पाण्यातून. पाणी थांबलं की काही तासांत आतला ऑक्सिजन संपतो आणि गाळ सडायला लागतो. माझ्या बहिणीकडे लाइट आल्यावर कॅनिस्टरच्या नळीतून पहिलं पाणी आलं ते करडं, सडक्या अंड्याच्या वासाचं, आणि पाचच मिनिटांत सगळे गप्पी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. स्पंज टँकच्या पाण्यातच उघडा असतो. पॉवर बँकवर यूएसबीचा छोटा एअर पंप लावला की काम चालू.

राहिला खळखळाट. तो बसवणाऱ्याच्या हातात आहे. नुसती हवेची नळी खोचली की मोठे बुडबुडे येतात आणि वर येऊन फटाफट फुटतात. उभ्या नळीच्या आत छोटा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) टाका, नळीचं तोंड पाण्याच्या किंचित खाली ठेवा, व्हॉल्व्हने हवा कमी करा. बारीक बुडबुड्यांचा आवाज जेमतेम ऐकू येतो.

नाथसागर
ताई, तो जाणता गृहस्थ मीच. दोन ओळी लिहिल्या कारण मोबाइलवर होतो, अक्कल नाही म्हणून नव्हे.

तुम्ही बुडबुड्यांवर परिच्छेद लिहिला, पण एअर पंपाची घरघर कुठे गेली? त्यात विजेच्या ५० हर्ट्झवर लोहचुंबकाची दांडी सेकंदाला पन्नास वेळा थरथरते आणि रबराचा पडदा दाबते. ती थरथर टेबलात उतरते, टेबलातून भिंतीत. माझा चार फुटी टँक दिवाणखान्यात आहे. कॅनिस्टर खालच्या कपाटात, दार लावलं की चालू आहे का हे हात लावून बघावं लागतं. नळ्या मागून जातात, झाडांसमोर स्पंजचा काळा ठोकळा दिसत नाही. प्लांटेड टँक माणूस बघायला ठेवतो ना?

आणि जीवाणूंबद्दल. दोन तास लाइट गेली म्हणून नायट्रिफाय करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू पटापट मरत नाहीत, मंदावतात. सडतो तो गाळ. म्हणजे डबा वेळेवर धुतला नव्हता. दोष कॅनिस्टरचा की धुणाऱ्याचा?

कूलरसमोर
एप्रिल ते जून आमच्या परभणीत पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि घरोघरी कूलर. त्या आवाजात फिल्टर कुणाला ऐकू यायलाय? फिल्टर निवडायचा तो उरलेल्या महिन्यांच्या रात्रींसाठी.

मी मागं लटकवायचा एचओबी वापरतो. काठोकाठ पाणी असलं की एकदम शांत. पण कूलरच्या वाऱ्यानं पाणी उडतं, पातळी दोन बोटं खाली गेली की धबधबा सुरू, आणि रात्री दोनला उठून तांब्यानं पाणी टाकावं लागतं. दुसरं असं की मोटर बाहेर असलेला एचओबी घेऊ नका. लाइट जाऊन आली आणि पातळी उतरलेली असली तर तो पाणी ओढत नाही, कोरडाच खडखडत बसतो. मोटर टँकच्या पाण्यात बुडालेली असली तर आपोआप चालू होतो.

मांजराकाठ
रोज तांब्या-तांब्या पाणी टाकायचं, वर सगळीकडं सांगतात तसं आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं. हे सगळं लातुरात बसून वाचायलोय. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ५०-५० हजार लिटरच्या दहा वाघिणी. त्याच्या आधी टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. ते दिवस पाहिलेल्या माणसाला "दर रविवारी पन्नास टक्के" हा सल्ला टोचतो. फिल्टर शांत असो नाहीतर बोंबलत असो, आधी पाण्याचं बोला.

खामकाठ
दादा, दोन फुटी टँक म्हणजे ५४ लिटर. अर्धं म्हणजे २७, दीड बादली. तेही गटारात जात नाही, जास्वंदाला आणि तुळशीला जातं, नायट्रेटसकट. पन्नास टक्क्यांचा नियम भरपूर खत आणि सीओटू घालणाऱ्यांचा आहे. कमी मासे, भरपूर झाडं असली तर माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया झाडं थेट घेतात. मी पंधरा दिवसांनी एक बादली बदलते, बास.

मांजराकाठ
तुमच्या दीड बादलीला नळ तरी येतो.

खामकाठ
संभाजीनगरात? जायकवाडी तासाभराच्या अंतरावर आणि कित्येक वस्त्यांनी आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिलीय! पाणी साठवून वापरायचं आम्हाला कुणी शिकवायला नको.

बिंदुसराकाठ
वाया जाणारं पाणी वापरा की. आमच्याकडं बीडला प्यायच्या आरओची बाजूला पडणारी नळी मी बादलीत सोडतो आणि टँकमध्ये टाकतो. फुकट आणि स्वच्छ.

नाथसागर
कृपा करून हा सल्ला कुणी उचलू नका! आरओ चांगलं पाणी एकीकडे काढतो आणि सगळे क्षार त्या दुसऱ्या नळीत ढकलतो. आपल्या बेसाल्टातल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्याचा अर्क काढून टँकमध्ये ओतताय. वर वाफ उडते ती फक्त पाण्याची, क्षार मागे राहतात. महिन्याभरात काचेवर पांढरी रेघ आणि फिल्टरमधल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर चुना.

बिंदुसराकाठ
काचेवर पांढरी रेघ आहे माझ्या, पण मासे मजेत आहेत. तुम्हाला सगळ्यांना झापायची सवयच आहे, कालही त्या पोराला दोन ओळीत उडवलं.

नाथसागर
मासे मजेत आहेत हे माशांनी सांगितलं का? पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयाला मिळतो. मोजा आणि आकडा इथे टाका. आकडा नसेल तर नवीन लोकांना सल्ला देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

कूलरसमोर
भांडा, पण त्या चुन्यावर थांबा जरा, कारण आवाजाचं खरं कारण तेच आहे. माझा एचओबी मध्येच किर्रर्र करायला लागला. दुकानदार म्हणाला नवीन घ्या. पंखा काढून पाहिला तर चिनी मातीच्या दांड्यावर खरखरीत पांढरा थर. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासला, धुऊन बसवला. आवाज बंद. बोअरच्या पाण्यात हे कॅनिस्टरला पण होणार, महागडा असला तरी. एअर पंपाला मात्र होत नाही, त्याच्यात पाणी जातच नाही.

नाथसागर
हे मान्य. कॅनिस्टरचा पंखा मीही दर दोन-तीन महिन्यांनी साफ करतो. म्हणून तो आवाज करतो असं होत नाही.

खामकाठ
पण कपाटातून काढून, नळ्या सोडवून, बाथरूममध्ये नेऊन साफ करता ना? स्पंज त्याच टँकच्या काढलेल्या पाण्यात चार वेळा पिळला की झालं. क्लोरिनच्या नळाखाली नाही, टँकच्याच पाण्यात. माझ्या शेजारच्या काकूंना ते जमतं.

नाथसागर
काकूंचा टँक चार फुटी नाही.

खामकाठ
त्या मुलाचाही नाही! तोच तर मुद्दा आहे. चार फुटी, सिलिंडर, झाडांचा दाट गालिचा असेल तर कॅनिस्टर घ्या, मी आडवी येणार नाही. तुम्ही स्वतःच्या टँकचं उत्तर त्याला दिलंत.

गोदाकाठ
नांदेडहून. इतक्या पोस्टी झाल्या आणि इन्व्हर्टरचं नाव कुणी घेतलं नाही. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत लहरीची वीज देणारा इन्व्हर्टर असला की लाइट गेल्यावर सीलिंग फॅन कसा हूं हूं करतो तसाच एअर पंप पण करतो. लोक पंपाला शिव्या देतात. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाऱ्या साइन वेव्हवर तोच पंप शांत चालतो. दुसरं, उन्हाळ्यात पाणी ३२ अंशाला जातं. २० अंशाला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. पहाटे चारला मासे वर दिसले की समजा हवा कमी पडतेय. कॅनिस्टरचा पाइप पाण्यात खोल बुडवून "बघा किती शांत" म्हणणाऱ्यांनी हे एकदा उठून बघावं.

नाथसागर
मी रात्री पाइपचं तोंड वर करतो, पाण्यावर लाट येईल इतकं. बाकी साइन वेव्हचं बरोबर आहे.

जालन्याचा
नमस्कार, तो मुलगा मीच. सिलिंडर लावणार नाही. इन्व्हर्टर जुना आहे, बहुतेक स्क्वेअर. टँक प्लायच्या शोकेसवर येणार, बेड तिथून सहा फुटांवर. आई म्हणते आवाज आला तर टँक गच्चीवर जाईल. पाणी बोअरचं. काय करू?

खामकाठ
प्लायच्या पोकळ शोकेसवर पंप ठेवलास तर कुठलाही पंप ढोलकी वाजवेल. भिंतीला खिळा मारून जाड दोरीने लटकव, भिंतीला टेकू देऊ नकोस, आणि टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेव, नाहीतर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. वर जमत नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लाव. टँकखाली थर्माकोल किंवा योगाच्या चटईचा तुकडा. लाइट गेली की पंप इन्व्हर्टरवर नको, पॉवर बँकवरचा यूएसबी पंप लाव.

नाथसागर
दोन फुटी, बिनसिलिंडर, जुना इन्व्हर्टर असेल तर स्पंज घे. हे ताईंनी माझ्याकडून वदवून घेतलं असं समजू नका, त्याने माहिती आज दिली. एक भर माझी: दोन तोंडाचा पंप घे आणि दोन्ही नळ्या टी लावून एकत्र कर, मग तो कमीवर चालवूनही हवा पुरते. घेताना दुकानात लावून, हातात धरून बघ. थरथर हाताला लागली की बेडवर पण लागणार. दुकानदार लावून दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघ.

मांजराकाठ
आणि बोअरचा टीडीएस मोज, मग झाडं घे. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी चालतं. लाल पानांच्या नाजूक झाडांवर पैसे घालू नको. काढलेल्या पाण्याची बादली आईच्या कुंड्यांना जाऊ दे, म्हणजे टँक गच्चीवर जाणार नाही.

बिंदुसराकाठ
मोजला. आरओच्या बाजूच्या नळीचा टीडीएस १४८० पीपीएम. उद्यापासून ते पाणी फरशीला.